आत अडीच माणसं

१

बाहेर टाकलेली ऊब पुढे कुठे जाते?

हा प्रश्न धाकट्याने पहिल्यांदा विचारला तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. शाळेने त्याला सोडलं होतं की त्याने शाळेला, हे कुणी फारसं तपासलं नाही. दादाने त्याच्या हातात पाना दिला आणि सोबत कामाला नेलं. पहिल्याच दिवशी एका गच्चीवर दादा म्हणाला, "एक लक्षात ठेव. एसी गारवा तयार करत नाही. आतली ऊब उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची, एवढंच त्याचं काम. नुसती हमाली."

"मग बाहेर टाकलेली ऊब पुढे कुठे जाते?"

दादा हसला, पेन्सिल कानामागे खोचली आणि म्हणाला, "तो दहाचा पाना दे आधी."

उत्तर राहूनच गेलं. पुढची सहा वर्षं दोघं भाऊ लोकांच्या गच्च्या आणि गॅलऱ्या तुडवत राहिले. दादाच्या हाताला एक विद्या होती. बाहेरच्या युनिटला येणाऱ्या जाड पाइपवर तो पंजा ठेवायचा, डोळे मिटायचा आणि कॉम्प्रेसर किती वेळ चालतो, किती वेळ थांबतो ते ऐकायचा. मग भिंतीपलीकडच्या खोलीत न डोकावता सांगायचा, "आत तिघं आहेत. एक जण येरझाऱ्या घालतोय." गिऱ्हाईक आ वासून बघत राहायचं. त्यात जादू काही नव्हती. प्रत्येक माणूस म्हणजे थोडी ऊब. जितकी माणसं जास्त, तितकी मशीनला विश्रांती कमी. तान्हं मूल असेल तर दादा अर्धं धरायचा. त्याच्या उजव्या हाताची करंगळी एका पंख्याच्या पात्याने अर्धी नेली होती. म्हणून धाकटा त्याला चिडवायचा, "साडेतीन बोटांनी मोजतोस म्हणूनच तुझा हिशेब अर्ध्यात येतो."

हळूहळू धाकट्यालाही ते जमायला लागलं. दहातल्या नऊ वेळा.

त्या दुपारी दादाने त्याला गच्चीवरून खाली पाठवलं, एक कपॅसिटर आणायला. "पंधरा मिनिटांत येतो," असं सांगून धाकटा गेला. वाटेत एका मित्राने नवी मोटारसायकल घेतलेली दिसली. एक चक्कर मारली, मग आणखी एक. तो परत आला तेव्हा दीड तास उलटून गेला होता. दादा टाकीच्या सावलीबाहेर आडवा पडला होता. गच्ची अशी तापलेली की चपलेतूनही तळवे भाजत होते.

आणि दादाचा हात गार होता.

इस्पितळात त्याने डॉक्टरांना विचारलं, "एवढ्या उन्हात हात गार कसा?" डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि उलट विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?"

२

दादा गेला तेव्हा वहिनीला सातवा महिना होता. बाळ झालं, मुलगी झाली, आणि ती दीड महिन्याची असताना एका दुपारी घरचं मशीन बंद पडलं.

ते मशीन सतरा वर्षांचं. कुणीतरी फेकून दिलेलं दादाने उचलून आणलं होतं आणि जिवंत केलं होतं. त्याचा पंखा एका मशीनचा, मोटर दुसऱ्याची, समोरची जाळी तिसऱ्याची. झडपेच्या जागी आइस्क्रीमची काडी अडकवलेली. वरचं कव्हर उघडलं की आत दादाच्या पेन्सिलीच्या खुणा, कधी काय बदललं ते. पण त्याच्या मंद घरघरीशिवाय बाळ झोपत नसे, आणि बाळ झोपल्याशिवाय वहिनी दोन घास खात नसे.

धाकटा मशीनचा बोर्ड काढून घेऊन बोर्डवाल्या मामांकडे गेला. मामांचं दुकान म्हणजे दोन भिंतींमधली एक फट. आत मामा, एका डोळ्याला भिंग लावून.

"अरे, हे अजून चालतंय?" मामा म्हणाले. "हे बनवणारे नातवंडं खेळवत असतील आता. सुटा भाग विचारायला गेलास तर कंपनी म्हणेल, आम्ही असं काही काढलंच नव्हतं."

"मामा, बघा ना काहीतरी."

"बोर्ड मी उभा करतो. याचा रिले, त्याचा ट्रान्झिस्टर, जमेल कसंतरी. पण खोलीची हवा ओळखणारा सेन्सर गेलाय, आणि या जातीचा सेन्सर आता मिळत नाही. दुसरा लावलास तर बोर्ड त्याला ओळखणार नाही." त्यांनी खोक्यातून एक पांढरी डबी काढली. "त्यापेक्षा हे युनिव्हर्सल किट घे. नवा बोर्ड, नवा सेन्सर, नवा रिमोट. सगळं एका फटक्यात."

"दादाचा बोर्ड नाही काढणार मी."

मामांनी भिंग वर सरकवून त्याच्याकडे पाहिलं. मग बोर्ड दुरुस्त करून दिला आणि किटची डबीही पिशवीत टाकली. "राहू दे. नाही लागलं तर आणून दे परत."

घरी आल्यावर धाकट्याला ती पिशवी आठवली. इस्पितळातून मिळालेली, गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी. चार महिने ती कपाटावर होती. ना वहिनीने उघडली होती, ना त्याने. आत दादाचा रुमाल, टेस्टर, पेन्सिल आणि शर्टाच्या खिशातून निघालेला एक सेन्सर. दोन बारीक वायरी आणि टोकाला मिऱ्याच्या दाण्याएवढा काळा मणी. धाकट्याला आठवलं. त्या सकाळी एका भंगारातल्या मशीनमधून दादाने तो काढला होता आणि खिशात टाकताना म्हणाला होता, "घरच्याला लागेल."

सेन्सर त्या जागी असा बसला की जणू मापून बनवला होता. मशीन घरघरलं. बाळाने जांभई दिली.

वहिनीने पहिल्यांदाच, कितीतरी दिवसांनी, हसून म्हटलं, "भाऊजी, तुम्ही ह्यांच्या वरचढ निघालात."

"वहिनी, हे त्याला सांगू नको," धाकटा बोलून गेला.

३

खोलीच्या मागे छोटी मोकळी गॅलरी होती. बाहेरचं युनिट तिथेच. जेवून झाल्यावर धाकटा पालथ्या बादलीवर बसला आणि सवयीने त्याने जाड पाइपवर पंजा ठेवला. डोळे मिटले.

कॉम्प्रेसर चालला. थांबला. परत चालला. धाकट्याने मनात आकडे मोजले.

अडीच.

तो स्वतःशीच हसला. आत वहिनी आणि बाळ, म्हणजे दीड. वहिनीची कुणी मैत्रीण आली असेल. त्याने खिडकीतून डोकावलं. वहिनी बाळाला कुशीत घेऊन निजली होती. तिसरं कुणी नव्हतं.

तो परत येऊन बसला. आकडा तोच.

धाकटा शिकलेला नव्हता, पण कामात येडा नव्हता. फिल्टर घाण असेल तर मशीन जास्त चालतं. त्याने फिल्टर धुतला. पश्चिमेची भिंत तापत असेल म्हणून तिच्यावर ओलं पोतं टांगलं. दाराखालून हवा जात असेल म्हणून फटीत चादर कोंबली. सेन्सर खोटं बोलत असेल म्हणून तो काढून गरम पाण्यात, मग गार पाण्यात बुडवून मीटर लावला. सेन्सर चोख होता.

दुसऱ्या दुपारी अडीच. तिसऱ्या दुपारीही.

"काय चाललंय तुमचं?" वहिनीने दारातून विचारलं. "मशीनचं डोहाळजेवण आहे का? सारखे त्याच्याभोवती."

"चुकतंय काहीतरी माझं. एक जास्त येतोय."

वहिनीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, पण तिथेच थांबलं. तिने विचारलं नाही, काय एक जास्त येतोय ते.

४

एकदा वहिनी बाळाला घेऊन शेजारच्या काकूंकडे गेली तेव्हा धाकट्याने मशीन चालूच ठेवलं. खिडकी लावली, दार ओढून घेतलं, कडी घातली. रिकाम्या खोलीत कॉम्प्रेसर एकदा थांबला की बारा मिनिटं हूं की चूं करत नाही. हे त्याला पाठ होतं.

तो सात मिनिटांत सुरू झाला.

धाकट्याने पाइपवरचा हात काढला, पँटला पुसला, परत ठेवला. तीन वेळा मोजलं. एक. आणि तोही निजलेला. चालत्या माणसाची लय वेगळी असते. त्यात बारीक हिसके असतात. ही लय संथ होती, पोटभर जेवून पाठ टेकलेल्या माणसाची.

त्याने आत जाऊन पाहिलं. खोली रिकामी. वहिनीची शाल, बाळाची दुपटी, खिडकीच्या फटीतून आलेली उन्हाची एक रेघ. मशीनची घरघर. अंथरुणाच्या भिंतीकडच्या बाजूला, जिथे दादा निजायचा, तिथे चादरीवर एकही सुरकुती नव्हती. धाकट्याने तिथे तळवा टेकला.

चादर कोमट होती.

उन्हाची रेघ फिरत फिरत आधी इथे पडली असेल, त्याने स्वतःला सांगितलं. ऊन फिरतंच. मग त्याला आठवलं की ती खिडकी त्या भिंतीतच आहे. तिचं ऊन त्या कोपऱ्यात पडू शकत नाही.

संध्याकाळी वहिनी अंथरूण घालत होती. तिने स्वतःची उशी कडेला, पार टोकाला ठेवली.

"पडशील ना अशाने," धाकटा म्हणाला.

"सवय आहे." तिने भिंतीकडची बाजू हाताने झटकली आणि मोकळीच ठेवली. "मशीन सुरू झाल्यापासून मला बरी झोप लागते, भाऊजी. तेवढंच आहे बघा. बाकी काही नाही."

५

त्यानंतर धाकट्याने तपासायचं सोडून दिलं. रोज दुपारी तो बादलीवर जाऊन बसायचा, पाइपवर हात ठेवायचा, अडीच मोजायचा आणि तिथेच बसून राहायचा. कधी बोलायचाही. आज कुठलं काम केलं, कोणत्या गिऱ्हाइकाने उगाच हुज्जत घातली, मामांनी कसं गुंडाळायला पाहिलं. एकदा त्याने त्या मोटारसायकलचंही सांगितलं. दोन चकरा मारल्या हे सांगितलं. मग पाइपला कपाळ टेकून बराच वेळ रडला. कॉम्प्रेसर एका लयीत चालत राहिला.

चार महिन्यांत पहिल्यांदाच त्याला घर पूर्ण वाटलं.

म्हणून असेल, आकडा हलला तेव्हा त्याने तो हलू दिला. एका दुपारी अडीचच्या जागी जरा कमी आलं. सव्वादोन. त्याने म्हटलं, हवा बदलली असेल.

त्याच आठवड्यात लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी बाळाला काट्यावर ठेवलं आणि भुवया जवळ आणल्या. "वजन जागचं हललं नाहीये. दूध पिते ना नीट?"

"भरपूर पिते," वहिनी म्हणाली.

"आणि हातपाय असे गारच असतात का?"

"झोपून उठली की असतात."

"खोली फार गार ठेवू नका."

खोली गार नव्हती. वहिनी रिमोट सत्तावीसवर ठेवत असे. धाकट्याने खोलीत भिंतीवरचा तापमापक लावला होता, तो सत्तावीसच दाखवायचा. तरी त्याने येताना बाळासाठी दोन टोपडी आणि लोकरीचे मोजे आणले. वहिनीने ते बाळाला घातले. "बघ गं, काकाने काय आणलंय," असं म्हणून तिने बाळाच्या इवल्या मुठी आपल्या ओठांजवळ नेल्या आणि फुंकर घातली. मग पुन्हा घातली.

मशीन बंद करून बघू, असं दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही.

६

तो रविवार होता. भर दुपारचे अडीच. धाकट्याने पाइपवर हात ठेवला, डोळे मिटले.

दोन.

नीट दोन. वर काही नाही. त्याला आधी बरंच वाटलं. आकडा स्वच्छ आला, नेम बसला, असं. मग त्याच्या हाताला समजलं ते त्याच्या डोक्याला समजलं. आत वहिनी आहे, ती एक. भिंतीकडच्या बाजूला जो निजतो, तो एक.

अर्धा कुठे गेला?

तो उठला तेव्हा बादली घरंगळत गेली. दार ढकलून तो आत शिरला. वहिनी गाढ झोपली होती, अंथरुणाच्या कडेला. बाळ मधोमध, टोपडं, मोजे, दुपटं, सगळ्यात गुंडाळलेलं. तापमापकावर सत्तावीस. धाकट्याने बाळाच्या गालाला हात लावला.

तो गारपणा त्याच्या ओळखीचा होता. गच्चीवरचा.

"वहिनी!"

पुढचं त्याला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. वहिनीने बाळाला पोलक्यात घालून छातीशी धरलं ते. जिने उतरताना तिची एक चप्पल मागे राहिली ते. रस्त्यावरचं ऊन अंगावर आलं तशी बाळाने तोंड वेडंवाकडं केलं ते. दवाखान्याच्या दारापर्यंत पोचले आणि बाळ रडलं. आधी चिरकं, मग कानठळ्या बसतील असं. धाकट्याने भर रस्त्यात मटकन बसकण मारली.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना एक दिवस ठेवून घेतलं. सगळं तपासलं. "मला काही सापडत नाही," त्या म्हणाल्या. "आईच्या छातीशी ठेवा. बाकी औषध नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ वहिनीच्या कुशीत लालबुंद होऊन निजलं होतं. वहिनी खिडकीकडे बघत म्हणाली, "भाऊजी, ह्यांनी मुद्दाम नसेल केलं."

धाकट्याने सुटलेला लोकरीचा मोजा बाळाच्या पायात परत चढवला.

"ह्यांना थंडी सहन व्हायची नाही. लग्न झालं तेव्हापासून बघतेय. जगाचे एसी दुरुस्त करायचे आणि स्वतः दोन पांघरुणं घ्यायचे. पाय माझ्या पायांवर टेकवून ठेवायचे." तिने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "मला कळलं होतं हो. पहिल्या दिवसापासून कळलं होतं. मीच गप्प राहिले."

"मीपण."

वहिनीने बाळाचं टोपडं सारखं केलं. बराच वेळ केलं. मग म्हणाली, "काढा ते. मी घरी यायच्या आत काढा. मी असले तर काढू देणार नाही."

७

धाकटा घरी आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. घाईत मशीन बंद करायचं राहून गेलं होतं. रिकाम्या घरात ते कालपासून घरघरत होतं.

तो आधी गॅलरीत गेला. जाड पाइपवर बर्फ धरला होता, पांढरा, दाट, कोपरापासून मनगटापर्यंतच्या लांबीचा. गॅस कमी झाला की असा बर्फ धरतो. त्याने गेज लावून बघितलं. गॅस पुरता होता. गेज काढून तो पाइपवर हात ठेवायला वाकला आणि तसाच राहिला.

बर्फावर कुणाचा तरी पंजा उमटला होता. ताजा. उबेने वितळलेला. कडांवरून अजून पाणी ओघळत होतं. अंगठा मागच्या बाजूला गेलेला. पुढे बोटांच्या खुणा. तीन पूर्ण, चौथी अर्धी.

धाकट्याने मागे वळून बघितलं नाही. त्या पंजाची धरायची तऱ्हा त्याला ठाऊक होती. पाइप पकडताना माणूस असा पकडत नाही. दुरुस्त करतानाही नाही. असा हात फक्त एका कामासाठी ठेवतात.

दादा मोजत होता. आत आपली माणसं किती, ते.

किती दुपारी मोजत असेल? आणि कालपासून आत कुणीच नाही, हे त्याच्या हाताला कळलं असेल तेव्हा?

"दादा," धाकटा म्हणाला. "आत कुणी नाही आत्ता. पण दोघीही बऱ्या आहेत. पोरगी काल असली रडली म्हणतोस, सगळा दवाखाना गोळा झाला. तुझ्यावर गेलीय, गार हवेत टिकायची नाही."

बर्फावरचं अर्धं बोट वितळत पसरलं. मग बाकीचीही. हळूहळू तिथे नुसता ओला तांबडा पाइप राहिला.

धाकट्याने मेन स्विच बंद केला. आत जाऊन कव्हर उतरवलं. दादाचा बोर्ड काढला, पुसला आणि वहिनीच्या कपाटात साड्यांखाली ठेवला. मामांच्या डबीतलं किट बसवलं. नवा बोर्ड, नवा सेन्सर, नवा रिमोट. झडपेच्या जागची आइस्क्रीमची काडी मात्र तशीच ठेवली. कव्हरच्या आत दादाच्या खुणांखाली पेन्सिलीने तारीख घातली आणि वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, किट बसवलं, धाकटा.

दुपारी वहिनी आली. तिने बाळाला निजवलं आणि रिमोट दाबला. मशीन सुरू झालं. त्याचा आवाज जरा वेगळा होता. बाळ थोडं कुरकुरलं आणि झोपलं. वहिनी अंथरुणाच्या कडेला बसली, भिंतीकडच्या मोकळ्या बाजूकडे बघत. मग उठली आणि आपली उशी मधोमध, बाळाशेजारी ठेवली.

धाकट्याने गॅलरीत जाऊन पाइपवर पंजा ठेवला. डोळे मिटले. कॉम्प्रेसर चालला, थांबला, बराच वेळ थांबला.

"किती?" वहिनीने खिडकीतून विचारलं.

"दीड."

"नीट मोजलंत?"

"नीट मोजलं."

तिने खिडकी हलकेच लावून घेतली.

मग धाकट्याने शर्टाच्या खिशातून जुना सेन्सर काढला. दोन वायरी, मिऱ्याएवढा काळा मणी. सकाळपासून तो त्याच्या छातीशी होता, तरी बर्फाच्या खड्यासारखा बोटांना चावत होता. गॅलरीच्या एका कोपऱ्यात चांगलं टळटळीत ऊन होतं. धाकट्याने बादली ओढून तिथे मांडली, सेन्सर मुठीत घेतला, त्या मुठीभोवती दुसरी मूठ आवळली आणि उन्हात बसला.

वहिनीने जेवायला हाक मारली. "पंधरा मिनिटांत येतो," असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं. "तू जेवून घे," तो म्हणाला. "मी इथेच आहे."

ऊन कोपऱ्यातून सरकलं तशी त्याने बादली सरकवली. पुन्हा सरकलं, पुन्हा सरकवली. मणी अजून गारच होता. त्याने मूठ तोंडाजवळ नेली, बोटांच्या फटीतून आत फुंकर घातली आणि परत घट्ट मिटली.